पैसे मोठ्याचे, पट्टा लहानाचा: अलोऱ्याहून थीम पार्कला जाऊन आलो

मुंबईच्या अलीकडे, हायवेपासून जरा आत एक मोठं थीम पार्क आहे. तिथे जायचं का, हा विषय आमच्या घरात गेली पाच वर्षं दर मे महिन्यात निघायचा आणि मी तो दर मे महिन्यात एक वर्ष पुढे ढकलायचो. "तिकीट जरा उतरू दे," असं मी म्हणायचो. तिकीट काही उतरलं नाही. पहिल्यांदा विषय निघाला तेव्हा आम्ही चार मोठी माणसं जेवढ्यात आत गेलो असतो, तेवढ्यात आता जेमतेम दोघं जातात.

मी चिपळूणजवळ अलोऱ्याला राहतो. पोफळीच्या पॉवर हाऊसमध्ये ऑपरेटर होतो, चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो. माझी पत्नी सुनंदा गेल्या वर्षी वारली. बोलका मी कधीच नव्हतो, आणि या वर्षभरात तर "हो", "नको" आणि "गॅस बंद केला का" एवढ्यावरच माझं भागत होतं. ब्लॉग लिहा असं सूनबाई म्हणाली. लिहिताना समोर कोणी उत्तराची वाट बघत नाही, म्हणून मी बसलो.

पार्कचा विषय सुनंदाचा. नात स्वरा पाच वर्षांची होती तेव्हा तिने मोबाईलवर त्या पार्कच्या सगळ्यात उंच रोलर कोस्टरचा व्हिडिओ पाहिला. त्यावर बसायला उंची किमान १४० सेंटीमीटर लागते. सुनंदाने ब्लाउज शिवायच्या टेपने मधल्या दाराच्या चौकटीवर जमिनीपासून १४० मोजले, लाल पेन्सिलने रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, "आपण दोघी." मग स्वराला म्हणाली, "तुझं डोकं इथं लागलं की आपण जायचं. आबांना तोवर पैसे जमवू देत."

तेव्हापासून दर वाढदिवसाला मोजणी. स्वरा आईवडिलांबरोबर चिपळूणला राहते, पण वाढदिवस आमच्याकडेच. रांगोळी, पाट, औक्षण. ओवाळलेल्या मुलाने पाटावरून लगेच खाली उतरू नये असं सुनंदाचं म्हणणं होतं. म्हणून ती पाट तसाच चौकटीला सरकवायची, स्वराला उभी करायची, डोक्यावर पट्टी आडवी धरायची आणि काळ्या पेन्सिलने खूण करायची. या वर्षी ती नव्हती. माझी मोठी बहीण आक्का गुहागरहून आली आणि तिने सगळं सुनंदाच्या पद्धतीने केलं. पट्टी धरली, आणि स्वराचं डोकं बरोबर लाल रेघेला लागलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "करा बुक."

वर्षभरातलं माझं सगळ्यात मोठं वाक्य ते.

बुकिंग मुलाने, प्रशांतने, मोबाईलवरून केलं. पार्कात वयावर तिकीट नाही, उंचीवर आहे. १४० च्या आत लहान, १४० पासून पुढे मोठं. आम्ही गेलो तेव्हा मधल्या वारी मोठ्याचं सतराशे, लहानाचं आणि ज्येष्ठ नागरिकाचं साडेबाराशे. शनिवार-रविवारी याहून जास्त. प्रशांत म्हणाला, "स्वराचं लहानाचंच काढतो. एक-दोन सेंटीमीटर कोण बघतंय?"

स्वरा म्हणाली, "मग मला रोलर कोस्टरवर नाही बसवणार! मोठ्याचं काढा."

"साडेचारशे रुपये जास्त आहेत गो."

"आजीने रेघ मारलीय."

मोठ्याचं काढलं. पाच जणांचे मिळून साडेसात हजारांच्या वर गेले. मी बाहेर जाऊन परसातल्या सुपारीच्या झाडांना पाणी घातलं. सकाळी एकदा घातलेलं होतं.

पहिला दिवस: फणस आणि हायवे

सकाळी नऊला निघालो. प्रशांत गाडी चालवत होता, पुढे मी. मागे सूनबाई वैदेही, मध्ये स्वरा आणि खिडकीला आक्का. डिकीत आमच्या बॅगा आणि आक्काचा फणस. हा फणस आक्का गुहागरहून घेऊन आली होती आणि तो कोणासाठी आहे हे तिलाही माहीत नव्हतं. "परक्या मुलखात रिकाम्या हातानं जातात काय?" एवढंच ती म्हणाली. खेड येईपर्यंत फणस पिकल्याचं गाडीतल्या सगळ्यांना कळलं होतं. एसी बंद करून काचा खाली घेतल्या.

कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाटातला वेळ वाचतो. तो वाचलेला वेळ आपण माणगावात ट्रॅफिकमध्ये उभं राहून खर्च करतो. महाडच्या पुढे मिसळ खाल्ली, सत्तर रुपये प्लेट, रस्सा चांगला होता. आक्काने हॉटेलवाल्याला फणस हवा का विचारलं. तो म्हणाला, "मावशी, माझ्या परसात सात आहेत."

साडेतीनला पेणला पोचलो. लॉजच्या दोन खोल्या, प्रत्येकी सोळाशे, स्वच्छ. संध्याकाळी गणपतींच्या कारखान्यांवरून चक्कर मारली. रंग न दिलेले पांढरे गणपती ओळीने मांडले होते. स्वरा प्रत्येक गणपतीशेजारी उभी राहून आपली उंची बघत होती. एका कारागिराने विचारलं, "काय गं, मूर्ती पसंत करतेस?" ती म्हणाली, "नाही, मी उद्या मोठी होणार आहे."

दुसरा दिवस: गेट

पहिली सूचना. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. हे वेबसाइटवर लिहिलेलं आहे आणि आक्का वेबसाइट वाचत नाही. तिने लॉजवाल्याच्या बायकोशी आदल्या रात्री मैत्री केली होती, पहाटे तिच्या स्वयंपाकघरात शिरून वीस घावणे घातले होते आणि ओल्या काजूची उसळ केली होती. पार्किंगमध्ये सिक्युरिटीवाल्याने डबा बघून मान हलवली.

"टाकून द्यायचं म्हणतोस?" आक्काने विचारलं.

"टाकू नका हो. इथेच खा."

"वीस घावणे?"

"वेळ आहे, आजी. गेट दहाला उघडतं."

म्हणून सकाळी साडेनऊला आम्ही पार्किंगमध्ये सतरंजी घालून जेवलो. तीन घावणे सिक्युरिटीवाल्याने खाल्ले. मग आक्काने फणस काढला. सुरी गाडीत होतीच, खोबरेल तेल आक्काच्या पिशवीत कायम असतं. शेजारच्या गाड्यांतली माणसं गर्‍यांसाठी आमच्याकडे आली. नागपूरचं एक कुटुंब होतं, त्यांच्या मुलाने आठळी गिळली आणि त्याची आई घाबरली. आक्का म्हणाली, "काय होत न्हाय. उगवली तर आमाला कळवा."

दहा वाजता गेटवर रांग लागली. तिकीट तपासायच्या खिडकीशेजारी भिंतीवर जिराफाचं चित्र आहे आणि त्याच्या मानेवर सेंटीमीटर लिहिलेले आहेत. प्रत्येक मुलाला जिराफाला पाठ लावून उभं करतात. आमच्या पुढे एक वडील आपल्या उंच मुलाला हळूच शिकवत होते.

"गुडघे वाकव. थोडेच. मान आत घे."

"बाबा, दुखतंय."

"साडेचारशे रुपये आहेत. दुखू दे."

मुलगा कासवासारखी मान आत ओढून उभा राहिला. खिडकीतल्या माणसाने त्याला सरळ केलं, वडिलांनी पैसे भरले. पुढचं मूल आलं, तेही वाकलेलं. मी मोजलं, आमच्या आधी सहा मुलं होती आणि त्यांतली चार वाकलेली.

मग स्वरा गेली. ताठ. हनुवटी वर, खांदे मागे, परेडला उभं राहिल्यासारखी. खिडकीतला माणूस वाकून बघायला लागला.

"एकशे छत्तीस," तो म्हणाला. "हिचं तिकीट मोठ्याचं का काढलंत?"

"ती एकशे चाळीस आहे," प्रशांत म्हणाला.

"छत्तीस आहे साहेब."

आता मी सांगतो ते माझ्या घरच्यांना अजून खरं वाटत नाही. मी पुढे झालो. वर्षभर जो माणूस दूधवाल्याशीही बोलला नाही, तो त्या जिराफाशी भांडला. मी म्हणालो, "तुमच्या पट्टीचा झीरो तपासा. आम्ही पॉवर हाऊसमध्ये आयुष्यभर गेज वाचलेत. काटा शून्यावर नसेल तर पुढचं सगळं रीडिंग चुकतं. हे चित्र भिंतीवर चिकटवताना चार सेंटीमीटर वर गेलंय."

खिडकीतला माणूस शांतपणे उठला, खणातून स्टीलची टेप काढली, बाहेर आला आणि जमिनीपासून जिराफ मोजून दाखवला. जिराफ बरोबर होता.

तो म्हणाला, "काका, सहा वर्षं मी इथे आहे. सगळे पोरांना खाली दाबतात. उलट करणारे तुम्ही पहिले."

मागच्या रांगेत हसू फुटलं. ऑनलाइन काढलेल्या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. ही दुसरी सूचना. स्वराच्या मनगटाला लहान मुलांचा पिवळा पट्टा बांधला, बाकीच्यांना लाल. पैसे मोठ्याचे, पट्टा लहानाचा. तिने पट्टा बाहीखाली सरकवला.

याउलट आक्का. गुहागरात ती कोणाला आपलं वय सांगत नाही. इथे ज्येष्ठांच्या सवलतीसाठी आधार कार्ड मागितलं तेव्हा तिने ते सापडायच्या आधीच सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं, "अडुसष्ट पुरी! एकोणसत्तरावं चालू!"

दुसरा दिवस: आत

आत काय आहे ते थोडक्यात सांगतो. झाडी चांगली आहे, स्वच्छतागृहं खरोखर स्वच्छ आहेत. लॉकरचे दीडशे. पाण्याच्या खेळांना नायलॉनचे कपडे सक्तीचे, भाड्याने मिळतात. आक्काला ते मिळाले तेव्हा ती कपडे बदलून बाहेर आली आणि वैदेहीने तोंडावर टॉवेल धरला. जांभळी विजार, पिवळा शर्ट, वर अंबाडा. "हसतेस काय गो? तुजा सासरा बघ," आक्का म्हणाली. मी पोपटी रंगात होतो.

दुपारपर्यंत बारा खेळ झाले. प्रशांत मनात भागाकार करत होता. "आत्तापर्यंत एका खेळाला एकशे चाळीस रुपये पडले," तो म्हणाला. त्यानंतर वैदेही दमली असतानाही त्याने तिला गोल फिरणाऱ्या कपात दोनदा बसवलं, भाव खाली आणायला. जेवणाची थाळी साडेचारशे. आक्काने ताटाकडे बघितलं, वरणात बोट बुडवून चाखलं आणि म्हणाली, "याच्यात आमच्याकडं बारसं होतं."

स्वरा सगळीकडे बसत होती, पण नजर त्या एका उंच लोखंडी सांगाड्याकडे. तिला वाटत होतं की गेटवरचं मोजमाप वेगळं आणि तिथलं वेगळं. मलाही वाटत होतं. तीन वाजता आम्ही तिथे गेलो.

तिथे निळ्या टोपीतली एक मुलगी होती, बोलायला गोड. तिच्याकडे जिराफ नव्हता, नुसता एक खांब आणि त्याला आडवी दांडी. दांडीखालून जो सरळ जाऊ शकतो, तो बसू शकत नाही. स्वरा दांडीखालून गेली. परत आली, टाचा उचलल्या, परत गेली. डोक्यावर केसांचा बुचडा बांधून गेली. बुचडा दांडीला लागला, डोकं नाही.

त्या मुलीने स्वराच्या डोक्यावर हात ठेवला आणि दांडीपर्यंतचं अंतर बोटांनी दाखवलं. "बघ, एवढंच. दोन बोटं कमी. पुढच्या वर्षी नक्की."

मी त्या दोन बोटांकडे बघत राहिलो. एवढी जाडी मी कुठे तरी पाहिली होती, रोज पाहत होतो.

आक्का माझ्याआधी बोलली. "बाळू," ती म्हणाली. मी बासष्टचा आहे, पण तिच्यासाठी बाळूच. "बाळू, दोन बोटं म्हणजे आपला पाट रे."

वैदेहीने डोळे मिटले. प्रशांत म्हणाला, "म्हणजे पाच वर्षं..."

"पाटासकट," आक्का म्हणाली. "आणि यंदा मी पण मेली तश्शीच मोजली."

लाल रेघ जमिनीपासून होती आणि स्वरा पाटापासून. पॉवर हाऊसमध्ये मी एकतीस वर्षं तासातासाला रीडिंग घेतलं, एकदाही चुकलो नाही. घरात पाच वर्षं समोर उभा राहून टाळ्या वाजवल्या आणि शून्य कुठे आहे ते बघितलं नाही. आणि त्या बिचाऱ्या जिराफाला बोललो.

स्वरा रडली नाही. तिने विचारलं, "आबा, आजीला माहीत होतं?"

"नाही गो. तिला घाई झाली होती."

"कशाची?"

"तुझ्याबरोबर बसायची."

तिने केसांचा बुचडा सोडला. मग म्हणाली, "मग तुम्ही बसा."

मला जत्रेतल्या पाळण्यातही चक्कर येते. मी तसं सांगितलं. तिने लगेच उत्तर दिलं, "एवढे पैसे घातलेत ना? वसूल नको करायला?" हे वाक्य तिने घरात माझ्याकडूनच ऐकलेलं. "आजीच्या वाटचं तुम्ही बसा. मी इथून बघते. घाबरलात तर हसणार."

निळ्या टोपीवालीने मला विचारलं, हृदयाचा त्रास, रक्तदाब, काही? मी नाही म्हणालो. आक्का माझ्या मागेच उभी होती. "आजी, तुम्हाला बीपी?"

"मला न्हाय. माज्यामुळं दुसऱ्यांना असतो."

बसलो. खांद्यांवरून लोखंडी दांडा खाली आला आणि खट्‌ झालं. गाडी हळूहळू चढायला लागली. वरून सगळं पार्क दिसत होतं, पार्किंग दिसत होतं, आणि खाली कठड्याला धरून उभी स्वरा दिसत होती. पिवळा पट्टा बाहीबाहेर काढून ती हात हलवत होती. माथ्यावर गाडी थांबली. आक्का पुटपुटली, "व्याडेश्वरा, सांभाळ. येताना नारळ देते."

मग आम्ही पडलो.

मी मोठ्याने बोलणारा माणूस नाही. आयुष्यात एकच गोष्ट मी मोठ्याने म्हणत आलो. रात्रपाळी संपवून सकाळी पोफळीहून यायचो, तेव्हा फाटकातूनच हाक मारायचो, "अगो, आलोऽ!" म्हणजे आतून चहा टाकला जायचा. त्या माथ्यावरून खाली जाताना पोटातून जे बाहेर पडलं ते तेच. पूर्ण ताकदीने.

"अगोऽऽ, आलोऽऽऽ!"

शेजारून आक्का किंचाळली, "मेल्या, इतक्यात जाऊ नकोस रे तिच्याकडं! मी गाडीत हाय!"

नंतरची दीड मिनिटं मी हसत होतो की रडत होतो ते मला सांगता येत नाही. दोन्हीला तोंड उघडावं लागतं आणि वारा आत जातो. खाली उतरलो तेव्हा स्वरा कठड्यावर वाकून हसत होती. "आबा, तुमचा आवाज इथपर्यंत आला! सगळे विचारत होते, 'आलो' म्हणजे कुठं?"

बाहेर पडायच्या वाटेवर एक दुकान आहे. उतारावर लपवलेला कॅमेरा फोटो काढतो, तो तिथे विकतात. तीनशे रुपये. तिसरी सूचना म्हणून मी लिहिणार होतो की हे अजिबात घेऊ नका. फोटोत माझे डोळे मिटलेले, तोंड इतकं उघडं की पडलेल्या दाढेची जागा दिसते, आणि शेजारी आक्काचं बोट माझ्या कानात. मी पाकीट काढलं. प्रशांतने मला घासाघीस न करता काही विकत घेताना पहिल्यांदाच पाहिलं.

तिसरा दिवस: घरी

परतीचा रस्ता तोच, फणस नव्हता. माणगाव होतं.

अलोऱ्याला पोचल्यावर मी पहिल्यांदा पाट मोजला. चार सेंटीमीटर आणि वर एक कागदाची जाडी. प्रशांत म्हणाला, जुन्या खुणा पुसून चार-चारने खाली घेऊ, म्हणजे हिशोब बरोबर होईल. स्वरा चौकटीपुढे जाऊन उभी राहिली, दोन्ही हात पसरून. "आजीच्या रेघा पुसायच्या नाहीत." मग तिने पाट पायाने बाजूला केला, जमिनीवर उभी राहिली आणि मला निळी पेन्सिल दिली. मी खूण केली. लाल रेघेखाली दोन बोटं जागा आहे.

आता वाचकांना हवं ते उत्तर. एवढे पैसे घालून कुटुंबाने जावं का? पाच जणांचा पेट्रोल, लॉज, तिकीट, जेवण, लॉकर, जांभळे-पोपटी कपडे मिळून खर्च एकवीस हजारांच्या आसपास झाला. एवढ्यात गणपतीपुळे चार वेळा होतं, हे मी पूर्वी सुनंदाला सांगायचो आणि ते आजही खरं आहे. दर वर्षी जाण्यासारखं ते राहिलेलं नाही. एकदा जाण्यासारखं आहे. पण जायचं असेल तर तिकीट उतरायची वाट बघू नका. सुनंदा स्वराच्या उंचीसाठी थांबली होती की माझ्या होकारासाठी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तिला स्वतःला तर बसायला उंचीची अडचण नव्हती. आणि जायच्या आधी मुलाला जमिनीवर उभं करून मोजा.

आम्ही पुढच्या मे महिन्यात परत जाणार आहोत, मी आणि स्वरा. तिकीट वाढलेलं असेल. तीही वाढलेली असेल, आणि तिचं मोठ्याचंच काढायचं आहे.

तीनशे रुपयांचा फोटो स्वराने फ्रेम करून आणला आणि मला न विचारता बाहेरच्या खोलीत सुनंदाच्या फोटोशेजारी लावला. सुनंदाच्या फोटोला हार आहे. अजूनही लोक भेटायला येतात, गंभीर चेहऱ्याने आत येतात, तिच्या फोटोला नमस्कार करतात. मग नजर शेजारी जाते. काही जण खोकतात. परवा शेजारचे जोशी मास्तर नमस्काराचे हात तसेच ठेवून खो खो हसत सुटले आणि माफी मागायला लागले.

मी म्हणालो, "असू दे. बसा. चहा टाकतो."